तीन फूट सात इंच

सहदेवकाकांनी गज खताच्या ढिगात खुपसला, तळाला टेकल्याची खात्री करून घेतली, बाहेर काढला आणि टोकापासून वर अंगठा सरकवत ओल्या खुणेपाशी थांबले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी राजरत्नकडे पाहिलं.

"एक फूट सात इंच."

"हो," राजरत्न म्हणाला.

"एक जानेवारीला किती होतं?"

राजरत्नने भिंतीकडे बोट दाखवलं. उत्तर मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. ५ फूट २ इंच. खाली तारीख, त्याखाली चेअरमन म्हणून काकांची सही. आणि उरलेल्या रंगात: 'खत ही सोसायटीची मालमत्ता आहे. वाटप ठरावाने होईल. तोपर्यंत हात लावू नये.'

"तीन फूट सात इंच कमी," काका म्हणाले. "कुठे गेलं?"

"कुठेच गेलं नाही, काका. कुजलं. कुजलं की बसतं."

"बसतं म्हणजे?"

"आकार कमी होतो. पाणी उडून जातं, कार्बन हवेत जातो..."

"हवेत."

"हवेत."

काकांनी गज बनियनला पुसला. हा गज साधा नव्हता. खोपटच्या एसटी डेपोतून निवृत्त होताना त्यांनी शाल आणि नारळाबरोबर ही माणसाएवढी उंच पितळी पट्टी मागून घेतली होती. सकाळ-संध्याकाळ डिझेलच्या टाकीत गज बुडवायचा, आकडा लिहायचा आणि आकडा चुकला तर माणूस शोधायचा, एवढंच त्यांचं जगाविषयीचं शास्त्र होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एकदाही आकडा चुकला नव्हता. त्यामुळे माणूस शोधायची संधी राहूनच गेली होती.

"टाकी आपोआप आटत नाही," ते म्हणाले. "माणूस लागतो."

आणि त्यांनी गेटकडे पाहिलं. तिथे वॉचमन भिवा पाण्याचा पाइप गुंडाळत होता.

वरून सर्रकन दोरी आली. राजरत्नने सवयीने मान बाजूला घेतली आणि वेताची टोपली त्याच्या खांद्याजवळून खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या हौसाआजींची. भाजीची गाडी भिंतीपलीकडच्या गल्लीत आली की टोपली खाली यायची, भिवा धावत जाऊन गाडीवरून भाजी आणून तिच्यात ठेवायचा आणि टोपली वर जायची. गेल्या दोन वर्षांत श्रमसाफल्य सोसायटीने आजींपेक्षा त्यांची टोपलीच जास्त पाहिली होती.

काका टोपलीलाही गजाने एकदा टोचून बघून निघून गेले.

हे सगळं मागच्या डिसेंबरात सुरू झालं होतं. कोपरच्या त्या चार मजली इमारतीच्या मागे एक बदामाचं झाड होतं. त्याची पानं गळत नसत, उतरत. एकेका पानावर माणूस जेवायला बसेल. घंटागाडीवाला वर्षभर कुरकुर करत ती नेत होता. एक दिवस त्याने पोतं परत ठेवलं.

"ओला म्हणजे ओला नाय, सुका म्हणजे सुका नाय. आमच्यात बसत नाय हे. खत करा."

खत कोण करणार यासाठी सभा भरली. राजरत्नची आई मंजुळा त्या दिवशी बारशाला गेली होती, म्हणून तिच्या जागी तो बसला. चर्चा चालू असताना त्याने चुकीच्या क्षणी मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि एकमताने निवडून आला.

तेव्हापासून सकाळी खत आणि मग घोडबंदर रोड, अशी त्याची विभागणी झाली होती. घोडबंदरला बस अडकली की तो खताचे व्हिडिओ बघायचा, आणि बस रोज अडकायची, त्यामुळे मार्चपर्यंत तो बराच तज्ज्ञ झाला. वाळलेल्या पानांचे तीन भाग, ओल्या कचऱ्याचा एक. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा. आठवड्याला एकदा उलथापालथ. त्याने खताचं खास थर्मामीटरही मागवलं. हातभर लांब स्टीलची काडी आणि तिच्या डोक्यावर गोल तबकडी. बिल्डिंगमधल्या लोकांनीही सहकार्य केलं. त्यांनी ढिगात नारळाच्या शेंड्या टाकल्या, वडापावचे तेलकट कागद, टूथब्रश आणि एकदा चालू अवस्थेतलं घड्याळ. मार्चच्या शेवटी थर्मामीटर नाहीसं झालं. राजरत्नने दोन रविवार कोपरापर्यंत हात घालून ढीग चाळला. दुसरा टूथब्रश मिळाला.

"तू शिकून काय झालास रे?" त्याची आई विचारायची. तिला माहीत होतं. ती फक्त त्याच्या नखांकडे बघून विचारायची.

संध्याकाळी नोटीस लागली. रविवारी सायंकाळी सात वाजता सभा, पार्किंगमध्ये. विषय एक: खतातील तूट. विषय दोन: वॉचमन भिवा यांस एक तारखेपासून कमी करणे व पंपाशेजारील खोली रिकामी करून घेणे. विषय तीन: चहापान.

राजरत्न पंपाशेजारच्या खोलीत गेला. भिवा स्टोव्हवर भात ठेवून बसला होता. खोली एवढीशी होती की बसल्या जागेवरून भिवा भात ढवळू शकत होता, दार लावू शकत होता आणि पंपाचं बटण दाबू शकत होता.

"मामा, खरं सांगा. तुम्ही खत नेलंत?"

"माझ्यासाठी मूठभर नाय घेतली, दादा. खोटं बोललो तर जीभ झडू दे."

"मग सभेत असं सांगा ना."

"मी काय सांगणार? चेअरमनकडं गज हाय."

"पण गज चुकीचं सांगतोय."

भिवाने भातावर झाकण ठेवलं. "गज बरोबरच सांगतो, दादा."

राजरत्न घरी आला आणि त्याने लॅपटॉप उघडला. ऑफिसात तो लोकांच्या घसरलेल्या आकड्यांना शोभतील असे तक्ते बनवायचा, त्यामुळे हे काम हातचं होतं. पाच फूट दोन इंचांच्या ढिगाचं चार महिन्यांनी काय होतं, हे त्याने तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढलं. तिन्हींचं उत्तर दोन फुटांच्या आसपास आलं. ढीग एक फूट सात इंच होता.

पाच इंच कमी पडत होते.

त्याने तिन्ही गणितं पुन्हा केली. मग त्याने तक्त्यात 'अंदाजे' हा शब्द घातला आणि लॅपटॉप मिटला. श्रमसाफल्यमध्ये पाच इंच कबूल केले तर लोक तीन फूट सात इंच माथी मारतील, हे त्याला चार महिन्यांत कळलं होतं.

रविवारी पार्किंगमध्ये अठरा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि अकरा माणसं होती. नऊला मॅच होती. भिवा खांबाला टेकून उभा होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि त्या शर्टामुळे तो आधीच नोकरीवरून निघालेला वाटत होता.

सेक्रेटरी दर्शनाताई एका शाळेत गणित शिकवायच्या. त्या वही उघडून म्हणाल्या, "विषय एक. राजरत्न, बोल."

राजरत्नने लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. आधी टूथपेस्टची जाहिरात लागली. मग गुडघेदुखीच्या तेलाची, आणि ती लोकांनी मन लावून पाहिली. मग एक परदेशी माणूस त्याच्या अंगणातल्या ढिगापाशी उभा राहून हसला आणि त्याच क्षणी नेट गेलं.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"तो खत करतो."

"त्याचं गेलं का चोरीला?"

"काका, चोरी कुठे झालीये? पाला कुजतो. मी आठ वेळा सांगितलं. उरतो तो अंदाजे तिसरा हिस्सा. बाकीचं हवेत जातं."

"दर्शनाताई, लिहा. हवेत गेलं." काका उठून उभे राहिले. "मंडळी, मी एकतीस वर्षं गज धरलाय. कमी झालं त्याला दोनच कारणं. गळती किंवा चोरी. टाकीला भोक पडतं, ढिगाला पडत नाही. म्हणजे काय उरलं?"

"कॅमेरा बघा ना," तळमजल्यावरचा आनंद म्हणाला.

कॅमेरा एकच होता आणि तो मागच्या सभेच्या ठरावानुसार काकांच्या स्कूटरकडे तोंड करून होता. तो विषय कुणी वाढवला नाही.

"भिवा रोज पहाटे ढिगापाशी असतो," काका म्हणाले.

"कारण तो तिथे झाडतो!" राजरत्नचा आवाज चढला. "तुम्हीच सांगितलंय त्याला झाडायला! झाडू हातात दिला तुम्ही, आणि आता विचारताय पाल्याजवळ काय करतोस!"

"आवाज खाली," काका म्हणाले. "भिवा, तुला काही सांगायचंय?"

भिवाने मान हलवली. नाही.

"मग विषय दोन. हात वर करा."

दोन हात वर गेले. तिसरा अर्ध्यावर होता, आणि तेव्हा जिन्यात भांडं आपटल्याचा आवाज झाला.

हौसाआजी उतरत होत्या. एका हाताने कठडा धरून, आधी एक पाय, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग थांबा. दुसऱ्या हातात लोखंडी कढई. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यातून मेथी डोकावत होती. तीन मजले. त्या शेवटच्या पायरीवर आल्या तेव्हा तिसरा हातही खाली गेला होता.

"आजी, तुम्ही कशाला? गुडघे..." दर्शनाताई उठल्या.

"गुडघं माजं मी आनल्यात. आनंदा, शेगडी काढ तुजी भाईर."

आनंदने पाच किलोच्या सिलिंडरची शेगडी आणली. का आणली हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. आजींनी खुर्चीत बसून कढई शेगडीवर ठेवली आणि पिशवीतली निवडून धुतलेली मेथी तिच्यात रचली. कढईच्या काठावर शिगोशीग मेथी उभी राहिली.

"केवढी हिरवी हो!" दर्शनाताई म्हणाल्या. "बाजारात तर सगळी करपलेली येते या उन्हात. कुठून आणलीत?"

"मिळती," आजी म्हणाल्या. "सहदेव, मोज."

"काय?"

"गज हाय न्हवं हातात? मोज."

"आधी गज धुवा," दर्शनाताई म्हणाल्या.

काकांनी पंपाच्या नळावर गज धुतला. अकरा माणसांसमोर तो मेथीत घातला, तळाला टेकवला आणि अंगठा लावला. मोजायला दिलं की त्या माणसाला नाही म्हणता येत नसे.

"नऊ इंच."

"लिव गं."

दर्शनाताईंनी लिहिलं. आजींनी जाळ लावला. तेल, लसूण, मिरची यांची फोडणी त्यांनी घरूनच करून वाटीतून आणली होती, ती वरून ओतली. मेथी आधी चमकली, मग तिने मान टाकली, मग एकदम खाली बसली. आजींनी उलथण्याने दोनदा हलवली आणि जाळ बंद केला.

"मोज."

काकांनी गज घातला. बराच वेळ घेतला. पुन्हा घातला.

"दीड."

"किती गेली?"

"साडेसात इंच."

"कुनी न्हेली रं सहदेव?" आजींनी विचारलं. "हितं अकरा जनं बसल्यात. कढईवर डोळं हुतं समद्यांचं. भिवा तर खांबाला हाय. कुनी न्हेली माजी साडेसात इंच मेथी?"

मागून कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत.

"कढईखाली जाळ होता," ते म्हणाले. "ढिगाखाली जाळ कुठाय?"

हे बरोबर होतं आणि ते बरोबर आहे हे फक्त राजरत्नला कळलं. तो उठला. "चला काका. आत्ता चला."

सगळी सभा उठून मागच्या भिंतीपाशी गेली. राजरत्नने गेल्या रविवारीच ढीग उलथून त्यात ताजं गवत घातलं होतं. त्याने वरचा थर हाताने बाजूला केला. "घाला हात."

काकांनी बाही सरकवली आणि हात ढिगात घातला. मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हात लगेच काढला नाही. मुक्कामाला आलेल्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवून ती किती लांबून आली हे ओळखणारा माणूस उभा राहतो तसे ते वाकून उभे राहिले.

"इंजिन गरम आहे," अखेर ते म्हणाले.

"चार महिने हेच सांगतोय मी," राजरत्न म्हणाला.

"तू कार्बन म्हणालास. इंजिन गरम आहे म्हणाला असतास तर?"

राजरत्नने डोळे मिटले आणि दहापर्यंत आकडे मोजायला घेतले. तो सहावर असताना दर्शनाताईंनी मोठ्याने वाचून दाखवलं: "मेथी, आरंभी नऊ इंच, अखेर दीड इंच. तूट नैसर्गिक. खताची तूट त्याच धर्तीवर मान्य. विषय दोन रद्द." मग अकरा जणांनी आनंदच्या घरून आलेल्या भाकरीच्या तुकड्यावर चिमूट चिमूट मेथी घेऊन ती संपवली. भिवाला आजींनी स्वतः वाढली. तो खांबामागे जाऊन खात होता.

"झकास झालीये," काका बोटं चाटत म्हणाले. "चव वेगळीच आहे."

नऊला मॅच लागली.

कढई मात्र पार्किंगमध्येच राहिली. दोन दिवसांनी मंजुळाने ती घासून, पुसून, तिच्यात शेंगदाण्याचे चार लाडू ठेवून राजरत्नच्या हातात दिली. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. "आणि पाया पड त्यांच्या," ती म्हणाली. "तुझी चार महिन्यांची अक्कल म्हातारीने एका फोडणीत सांगितली."

आजींचं दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "ये रं. ती गॅलरीत ठिव, कोपऱ्यात."

राजरत्न गॅलरीत गेला आणि कढई हातात धरूनच उभा राहिला.

रंगाचे डबे होते. दह्याच्या बादल्या होत्या. कूलरचा फुटका ट्रे, कान तुटलेला कुकर, थर्माकोलचा मोठा खोका. अळू, टोमॅटो, पांढरी वांगी. खोक्यात मेथीचे कापलेले खुंट होते आणि त्यांना नवी पालवी फुटत होती. सगळ्यात माती एकच होती, काळी, भुसभुशीत. त्याने चिमूटभर उचलून नाकाशी नेली. हा वास तो गेले चार महिने ऑफिसात घेऊन जात होता. मातीत बदामाच्या पानाची एक शीर होती, माशाच्या काट्यासारखी, तेवढीच कुजायची राहिलेली.

कुकरमध्ये मिरचीचं झाड होतं. ते लाल दोऱ्याने एका स्टीलच्या काडीला बांधलं होतं. काडीच्या डोक्यावर गोल तबकडी होती.

"मिरची वाकत हुती," मागून आजी म्हणाल्या. "ती काठी आली टोपलीतनं. बरी हाय. वर घड्याळ हाय तिला, पन येळ चुकीची दावतं."

राजरत्नने वाकून पाहिलं. "बत्तीस."

"बत्तीस वाजत्यात व्हय कुटं?"

त्याला ओरडायचं होतं. कुठून सुरुवात करावी हे ठरत नव्हतं. दोन रविवार, एक लॅपटॉप, तीन पद्धती, अकरा माणसं, भिवाचा इस्त्रीचा शर्ट. तो डबे मोजू लागला. लहान-मोठे मिळून चौदा. त्यांची माती ढिगावर परत पसरली तर, त्याने मनात पसरली, पाच इंच. पाचच. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आकडा जुळला होता.

"आजी, भिवामामाला काढलं असतं तर?"

"म्हनून तर उतरले." त्यांनी कढईतला लाडू उचलून दोन बोटांनी दाबून पाहिला. "दोन वर्सं झाली मी खाली गेले न्हवते."

"मागायचं ना मग. माझ्याकडे."

"तुज्याकडं? भितीवर काय लिवलंय?"

खालून सहदेवकाकांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. ती गेटमधून बाहेर पडली, गल्लीत वळली आणि ऐकू येईनाशी झाली. आजींनी कान देऊन ते सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी खिळ्यावरची दोरी काढून राजरत्नच्या हातात दिली.

"आलाईस तर एवढी टोपली सोड. माजा खांदा धरलाय त्या दिसापासनं."

भाजीची गाडी सकाळीच येऊन गेली होती. राजरत्नने टोपली कठड्यावरून खाली सोडली. दोरी त्याच्या तळव्यातून सरकत गेली, दुसरा मजला, पहिला, आणि टोपली ढिगाशेजारी टेकली. भिवा फावडं घेऊन आला. ढिगावर फावडं घालता घालता त्याने सवयीने वर पाहिलं, आणि तो तसाच थांबला.

तिसऱ्या मजल्यावर राजरत्न दोरी धरून उभा होता. खाली भिवा, फावडं हवेत.

राजरत्नने गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली. मग कठड्यावरून वाकला.

"मामा," तो दबक्या आवाजात, वैतागून म्हणाला, "वरचं नका घेऊ. कच्चं आहे अजून. तळाचं घ्या."